कुर्डुवाडी : लोहमार्गाने घडविलेले गाव

सोलापूर शहरातील सात रस्ता या ठिकाणी अनेक वाटा एकत्र येतात व पुन्हा विभागून पुढे जातात. वाहतुकीला तेथे थांबण्याचे कारण नसते. तेथून वायव्येस, लोहमार्गाने सुमारे ८० किलोमीटरांवर असलेल्या कुर्डुवाडीत मात्र प्रवाशाला आणि मालाला दीर्घकाळ थांबावेच लागत असे. या सक्तीच्या थांब्यातच त्या गावाच्या वाढीचे बीज आहे.

नैसर्गिक परिस्थितीकडे पाहिल्यास येथे गाव वाढण्यास विशेष कारण दिसत नाही. पश्चिमेस भीमा व पूर्वेस सीना या नद्यांमधील माढे तालुक्याच्या माळरानावर ही वस्ती आहे. नदीकाठ नाही, पाऊस बेभरवशाचा, देवस्थानाची वा राजधानीची परंपराही नाही. नावावरूनच ती जवळच्या कुर्डू गावाची वाडी असल्याचे उघड होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५९-६० मध्ये या भागातून गेला. बार्शी ही बालाघाट व मराठवाडा यांच्या मालाची मोठी पेठ. परंतु ती मार्गापासून सुमारे २१ मैल दूर राहिली. म्हणून येथील स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले. म्हणजे स्थानक या गावचे आणि नाव दुसऱ्याच गावचे! पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या योजनेनुसार १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचे फाटे पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) व मिरज (१९२७) येथपर्यंत पोहोचले.

मुख्य मार्गाची रुंदी साडेपाच फूट, तर या रेल्वेची अडीच फूट होती. वाघीण एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नसल्याने प्रत्येक पोते येथे उतरवून पुन्हा चढवावे लागे. आषाढी-कार्तिकीचा वारकरीही मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसे. गर्दीच्या दिवसांत मालाच्या वाघिणीही यात्रेकरूंसाठी जोडल्या जात. कंपनीच्या दृष्टीने ही चढउतार म्हणजे खर्च. गावाच्या दृष्टीने मात्र तीच उपजीविका होती. हमाल, रेल्वेचे नोकर, अरुंदमापी गाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यातील कामगार आणि त्यांना लागणारे दुकानदार यांची वस्ती वाढत गेली. परिणामी वाडीने मूळ गावाला आणि तालुक्याचे ठिकाण असलेल्या माढ्यालाही मागे टाकले. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या २० हजारांहून अधिक होती. शेतीच्या मुलखातील या लोकसंख्येचा पाया शेतीवर नव्हता, ही बाब अभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. त्यानंतरही रुळांतील तीन फुटांचा फरक जवळजवळ अर्धशतक टिकला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अरुंद मार्गांचे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. प्रवाशाची त्यात निःसंशय सोय झाली; आता दादरहून निघालेला यात्रेकरू कुर्डुवाडीस न उतरताच पंढरपूर गाठतो. चढउतारीचा धंदा मात्र त्याबरोबरच संपला.

तरी गाव ओस पडले नाही. लातूर व मिरज यांकडील मार्ग अजूनही येथेच फुटतात आणि रेल्वेचा कारखानाही टिकून आहे. शिवाय १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे तालुक्यात उसाची लागवड वाढली आहे. ज्या शेतीशी या गावाचा संबंध एकेकाळी केवळ पोत्यांपुरता होता, तिचीच बाजारपेठ होण्याकडे त्याची वाटचाल आता दिसू लागली आहे.