सिसेरोचा शिष्य कीं ख्रिस्ताचा?

ख्रिस्ती संतांचीं चरित्रें म्हणजे निव्वळ चमत्कारांच्या कथा, अशी आपल्यांतील बऱ्याच सुशिक्षितांची समजूत असते. आणि तीं चरित्रें ज्या स्वरूपांत सामान्यतः हातीं पडतात तें पाहतां ही समजूत अगदींच निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. संत जेरोम याचेंच उदाहरण घ्या. युरोपांतील चित्रकारांनीं त्याच्या पायांशीं एक सिंह बसविला आहे आणि जवळच कार्डिनलची तांबडी टोपी टांगून ठेविली आहे. पैकीं ती टोपी त्याच्या काळीं अस्तित्वांतच नव्हती, आणि सिंहाच्या पंजांतील कांटा काढल्याची गोष्ट मूळची जेरासिमस नांवाच्या दुसऱ्याच साधूची. नामसादृश्यामुळें ती याच्या पदरीं आली असावी, असें विद्वान् मानतात. परंतु सिंह आणि टोपी बाजूस सारून जो वाचक जेरोमच्या पत्रांकडे वळेल त्याला तेथें एक तापट, मानी, ग्रंथवेडा व अत्यंत बुद्धिमान् पुरुष भेटेल, आणि त्या पुरुषाला जन्मभर छळणारा एक प्रश्नहि भेटेल. ज्या ग्रंथांनीं आपली बुद्धि घडविली, ते आपल्या श्रद्धेला परके असतील तर त्यांचें काय करावें? कॅथोलिक पंथाच्या इतिहासाचें वाचन कोठून सुरू करावें असें कोणी विचारल्यास आम्ही पोपांच्या परंपरेचें नांव न घेतां या पत्रांचें नांव घेऊं.

जेरोमचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास स्ट्रिडोन या गांवीं झाला. घर ख्रिस्ती, शिक्षण मात्र रोममध्यें, आणि तेंहि डोनाटस या प्रख्यात वैयाकरणाच्या हाताखालीं. त्या काळीं ख्रिस्ती मुलांसाठीं निराळीं पाठ्यपुस्तकें नव्हतीं. व्हर्जिल, टेरेन्स, सिसेरो हेच सर्वांचे पाठ्यग्रंथ. म्हणजे ज्युपिटर व जूनो यांना न मानणाऱ्या घरचीं मुलेंहि त्यांच्याच कथा घोकून लॅटिन शिकत. असें शिकलेल्या तरुणाला पुढें वैराग्य झालें. घर, आप्त, रुचकर जेवण हें सर्व सोडून तो पूर्वेकडे निघाला; पण रोममध्यें मोठ्या कष्टानें जमविलेला ग्रंथसंग्रह कांहीं त्याच्यानें सोडवेना. तो त्यानें बरोबर नेला. आपण उपवास करीत असूं तो सिसेरो वाचावयास मिळावा म्हणून, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. पूर्वीच्या पापांबद्दल रात्र रात्र अश्रु ढाळावेत आणि मग प्लॉटसचीं विनोदी नाटकें हातीं घ्यावींत, असा क्रम चाले. आणि त्यानंतर हिब्रू संदेष्ट्यांचें पुस्तक उघडलें कीं त्याची ओबडधोबड भाषा कानाला बोचे.

इ. स. ३७४ च्या सुमारास, ईस्टरपूर्व उपवासाच्या दिवसांत, त्याला कडक ज्वर आला. शरीर गार पडत चाललें, सोबतचे लोक अंत्यविधीची तयारी करूं लागले. त्या अवस्थेंत त्याला दिसलें कीं आपणांस ओढून न्यायासनापुढें उभें केलें आहे. तूं कोण, असा प्रश्न झाला. ख्रिस्ती, असें उत्तर दिल्यावर न्यायाधीशानें तें खोटें ठरविलें: तूं सिसेरोचा आहेस, ख्रिस्ताचा नव्हेस! पुढें फटक्यांची शिक्षा झाली. यापुढें ऐहिक ग्रंथ बाळगणार नाहीं व वाचणार नाहीं, अशी शपथ घेतल्यावर त्याची सुटका झाली. जागा झाला तेव्हां खांद्यांवर वळ होते, असेंहि तो सांगतो. हा सर्व वृत्तांत त्यानें ३८४ सालीं युस्टोकियम नामक तरुण ब्रह्मचारिणीस लिहिलेल्या लांबलचक पत्रांत आहे. गंमत अशी, कीं ज्या लॅटिनमध्यें ही शपथ सांगितली आहे त्याचा ओघ, तोल व वाक्यरचना हीं सर्व सिसेरोच्या शाळेंतलीं आहेत.

शपथ कितपत पाळली गेली? येथें त्याचा बालमित्र रुफिनस साक्षीस येतो. दोघांचें पुढें वितुष्ट आलें, आणि विद्वानांचें भांडण म्हणजे काय हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तें जरूर वाचावें. रुफिनसनें लिहिलें कीं, हा गृहस्थ शपथ घेऊन बसला आहे खरा, पण याच्या प्रत्येक पानावर सिसेरो, होरेस आणि व्हर्जिल डोकावतात. ऑलिव्ह टेकडीवरील माझ्या मठवासीयांकडून यानें सिसेरोचे संवाद पैसे मोजून नकलून घेतले. आणि बेथलेहेमच्या मठांत हा मुलांना व्हर्जिल शिकवितो! जेरोमचें उत्तर वकिली थाटाचें आहे. शपथ पुढील काळापुरती होती, पूर्वीं शिकलेलें विसरण्याची नव्हती. बाळपणीं मनांत मुरलेलें कोणाला काढून टाकतां येतें? शिवाय स्वप्नांतील वचनाबद्दल मनुष्याला जाबदार धरावयाचें कीं काय? यांतील शेवटचा मुद्दा आम्हांस लंगडा वाटतो, कारण दहावीस वर्षांपूर्वीं याच स्वप्नाला त्यानें साधें स्वप्न म्हणण्यास नकार दिला होता. मधला मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो सांगतांना त्याच्या लेखणींतली चीडहि क्षणभर ओसरते.

मॅग्नस नामक वक्त्यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपली बाजू अधिक धीटपणें मांडली आहे. मोझेसच्या धर्मशास्त्रांत युद्धांत सांपडलेल्या परक्या स्त्रीशीं विवाह करावयाचा झाल्यास तिचे केस व नखें काढावींत, असा नियम आहे. त्याचा आधार घेऊन तो म्हणतो कीं मूर्तिपूजकांची विद्या हीच ती सुंदर बंदिवान. तिचें जें त्याज्य असेल तें कापून टाकून मी तिला घरांत घेतलें तर बिघडलें कोठें? दृष्टान्त चतुर आहे, परंतु त्या बिचारीला कोणी विचारलें होतें, अशी शंका आमच्या वाचकभगिनींच्या मनांत आल्याशिवाय राहणार नाहीं.

या भगिनींना जेरोमचा आणखी एक विशेष आवडेल. त्याचीं उत्कृष्ट पत्रें बहुतांशीं विदुषींना उद्देशून आहेत. युस्टोकियमची आई पॉला ही रोमच्या अत्यंत श्रीमंत घराण्यांतील विधवा. ती त्याच्या मागोमाग बेथलेहेमला गेली, तिनें मठ बांधविले, आणि स्तोत्रें मूळ भाषेंत गातां यावींत म्हणून हिब्रू आत्मसात केली. पॉलाची सून लेटा हिनें आपल्या लहानग्या मुलीच्या शिक्षणाविषयीं विचारलें, तेव्हां जेरोमनें लिहिलें कीं तिला हस्तिदंताचीं किंवा लांकडाचीं अक्षरें करून द्यावींत, त्यांच्याशीं खेळतां खेळतां तिला तीं ओळखतां यावींत. लिहितांना तिचा हात कोणीतरी धरावा. बक्षिसें देऊन उत्साह वाढवावा. आणि अभ्यासाचा तिटकारा येईल असें कांहीं करूं नये. मुलगी तर जन्मापासून ख्रिस्ताला वाहिलेली. आणि हा उपदेश? तो बराचसा क्विंटिलियन या जुन्या रोमन शिक्षणशास्त्रज्ञाच्या ग्रंथांतून उचललेला आहे. बंदिवान स्त्री घरांत आली होती ती अशी, थेट पाळण्यापर्यंत.

४१० सालीं गॉथ लोकांनीं रोम लुटलें. बेथलेहेममध्यें वार्ता पोंचली तेव्हां जेरोम साठी ओलांडलेला होता. जिनें सारें जग जिंकलें ती नगरी जिंकली गेली, या अर्थाचे उद्गार त्यानें काढले आहेत, आणि शोकाच्या भरांत प्रथम यशायाचें वचन, मग स्तोत्रांतलें वचन, आणि त्यांच्या पाठोपाठ व्हर्जिलनें वर्णिलेली ट्रॉयच्या विनाशाची रात्र लिहून गेला आहे. संदेष्टा, स्तोत्रकार आणि व्हर्जिल एका ओळींत! शपथेची आठवण तेथें त्याला झाली नाहीं, आणि आम्हांस वाटतें, होण्याचें कारणहि नव्हतें.

त्याच्या हातून झालेलें बायबलचें लॅटिन भाषांतर पुढें 'व्हल्गेट' या नांवानें प्रसिद्ध झालें. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५४६ सालीं तें प्रमाण ठरविलें. पश्चिमेकडील चर्चांची उपासना शतकानुशतकें लॅटिनमध्येंच चाले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें १९६३ सालीं लोकभाषांना वाट करून दिली, तोंपर्यंत वसईच्या मराठीभाषी ख्रिस्ती कुटुंबांच्या कानांवरहि मिस्साविधींत लॅटिनच पडे. त्या उपासनेंत जुनें जग कोठें कोठें दडून बसलें आहे हें शोधण्यांत मोठी मौज आहे. मृतांच्या मिस्सेंत पूर्वीं म्हटल्या जाणाऱ्या, अंतिम न्यायाच्या दिवसाचें वर्णन करणाऱ्या मध्ययुगीन गीतांत साक्षीदार म्हणून दाविदाच्या शेजारीं सिबिल उभी आहे. म्हणजे मूर्तिपूजक ग्रीक-रोमनांची भविष्यवादिनी! मायकेलअँजेलोनें सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या छतावर सात संदेष्ट्यांच्या जोडीला पांच सिबिली रंगविल्या, त्या कांहीं त्याच्या एकट्याच्या लहरीनें नव्हेत.

हाच प्रश्न बाराशें वर्षांनीं आपल्या दाराशीं आला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला. जुन्या पुराणांना मनाई झालेल्या नवख्रिस्ती लोकांसाठीं त्यानें मराठी ओवींत रचलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. पुराणांतील देव वर्ज्य, पण पुराणाचा घाट व ओवी ग्राह्य! केस व नखें कापण्याचाच हा प्रकार. मात्र येथें कात्री राज्यसत्तेच्या हातीं होती, हा फरक विसरतां येत नाहीं.

आणि सिसेरोचें काय झालें? त्याचा 'राज्य' या विषयावरील सहा भागांचा संवाद मध्ययुगांत नाहींसा झाला. सिपिओच्या स्वप्नाचा शेवटला भाग निराळा टिकून राहिला होता. बाकीचा ग्रंथ ऑगस्टिनसारख्या ख्रिस्ती लेखकांनीं त्याच्याशीं वाद घालतांना उद्धृत केलेल्या तुकड्यांवरून अंशतः ठाऊक होता. पुढें १८१९ सालीं व्हॅटिकन ग्रंथालयाचा प्रमुख अँजेलो माय यास एका जुन्या चर्मपत्री पोथींत वरच्या अक्षरांखालीं दुसरीं, मोठीं व फिकट अक्षरें दिसलीं. पोथी इटलींतील बॉबिओ मठांतली. सातव्या शतकाच्या सुमारास कातडें महाग म्हणून तेथील मठवासीयांनीं जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिला होता. खालीं होता तो सिसेरोचा हरवलेला ग्रंथ. आणि वर लिहिलें होतें तें स्तोत्रांवरील ऑगस्टिनचें भाष्य. धर्मग्रंथ म्हणून ती पोथी जपली गेली, आणि तिच्या पोटांत सिसेरोहि जपला गेला. मायनें १८२२ सालीं तो प्रसिद्ध केला. पहिले दोन भाग बरेचसे मिळाले, बाकीच्यांचे अवशेषच. खालचीं अक्षरें उठून दिसावींत म्हणून त्यानें पानांवर मायफळाचा अर्क लाविला होता. त्या अर्कानें पुढें कातडें काळवंडलें.