बधिर चट्ट्याचा चाळीस वर्षांचा माग

लेकीनं डॉक्टर व्हावं, अशी दिनकरराव समर्थांची फार इच्छा. ते स्वतः पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. पण हुजूरपागा आणि पुढे फर्ग्युसनमध्ये शिकलेली त्यांची कमल वनस्पती आणि पेशींतच रमली. लग्नानंतर मुंबईला गेलेल्या कमल रणदिवे परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. संशोधन कर्करोगावरचं, पण कुष्ठरोग्याच्या त्वचेचं कोडं उलगडण्यात या पुणेकर बाईंचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

हॅन्सनने नॉर्वेत 1873 मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला खरा, पण तो प्रयोगशाळेत कुणालाच वाढवता येईना. या जंतूला मज्जातंतूंची ओढ. रणदिवे, त्यांचे सहकारी सी. व्ही. बापट आणि खानोलकरांनी रुग्णाच्या गाठीतला अंश मानवी गर्भाच्या मज्जापेशींच्या कल्चरमध्ये सोडला. 1958 मध्ये एक जंतू तगला, वाढला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं आयसीआरसी. तो मूळ कुष्ठजंतू नव्हे, त्याच्या गोतातला दुसराच, हे पुढे कळलं. पण हे नातंच कामाला आलं.

का, ते कळायला त्वचेकडे बघायला हवं. जंतू एकच, पण माणसागणिक रोगाचं रूप वेगळं. एकाच्या पाठीवर एखादाच कोरडा चट्टा असतो. केस गळालेले, कापूस फिरवला तरी जाणीव नाही. त्यातला कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर भक्षक पेशी घट्ट गोळा झालेल्या आणि भोवती लिम्फोसाइटचं कडं दिसतं. जंतू शोधूनही सापडत नाही. दुसऱ्याचा चेहरा तुळतुळीत, कानाच्या पाळ्या जाड. पाळीला बारीक चीर देऊन घेतलेला स्राव काचेवर रंगवला की लाल काड्यांचे जुडगेच्या जुडगे दिसतात. इथे भक्षक पेशी जंतू गिळतात, मारत मात्र नाहीत. पोटात भरून घेऊन फेसाळ होतात.

जपानच्या मित्सुदांनी 1919 मध्येच हा फरक टोचून दाखवला होता. मेलेल्या जंतूंचा द्राव हाताच्या कातडीत दिला की पहिल्या प्रकारच्या रुग्णाला तीन-चार आठवड्यांत गाठ येते, दुसऱ्याला काहीच नाही. या दोन टोकांमधल्या पायऱ्या रिडले आणि जॉपलिंग यांनी 1966 मध्ये मांडल्या. पहिल्या टोकाचा रुग्ण सुखी, असं मात्र नाही. जंतूवर तुटून पडणारा प्रतिकारच शेजारची नस चिरडतो, आणि बोटं वाकडी होतात.

दुसऱ्या टोकाच्या शरीराला शत्रू ओळखायला शिकवता येईल का? डॉ. मा. ग. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठजंतूच्याच गोतातल्या, मारलेल्या आयसीआरसी जंतूंची लस करून 1981 मध्ये आशादायक निष्कर्ष मांडले: लस दिल्यावर काही रुग्णांची ती मुकी त्वचा मित्सुदा चाचणीला उत्तर देऊ लागली. दक्षिण भारतात सुमारे 1 लाख 71 हजार लोकांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निकाल 1998 मध्ये आले. आयसीआरसीचं संरक्षण 65.5 टक्के, क्षयरोगावरच्या नुसत्या बीसीजी लसीचं 34.1 टक्के. परळच्या त्या कल्चरमधून निघालेल्या लसीसाठी हे मोठं यश होतं.

तोवर बहुविध औषधोपचारानं रुग्णसंख्या झपाट्यानं उतरली होती आणि लस मागे पडली. तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. गोळ्या जंतू मारतात, पण मेलेल्या जंतूंवरही शरीर उसळतं. जुना चट्टा अचानक लालभडक होतो, सुजतो. औषधच बाधलं, असं समजून रुग्ण घाबरतो, गोळ्या थांबवतो. खरं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. तिथे आधी कोपरामागची नस चाचपतात. ती जाड आणि दुखरी लागली, तर वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडनं हाताची पकड वाचू शकते.