पिकअपच्या हौद्यास फवाऱ्याचे अस्तर : आधी पत्र्याची तयारी

शेतमालाच्या वाहतुकीत बैलगाडीची जागा आता पुष्कळ गावी पिकअप गाडीने घेतली आहे. पहाटे भाजीपाला अगर कांदा घेऊन बाजार समितीत जाणारी गाडी परतताना खताच्या गोण्या आणते, आणि दुसरे दिवशी तीच शेणखत, कडबा किंवा दुधाचे कॅन वाहते. इंजिन, ब्रेक व टायर यांची निगा बहुतेक मालक राखतात. हौद्याच्या पत्र्याकडे मात्र तो भोके पडू लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचे हप्ते फिटण्यापूर्वीच तिचा हौदा सडावा, यासारखा टाळता येण्याजोगा तोटा दुसरा नाही.

हौद्यास गंज लवकर चढतो याची कारणे शेतीच्या मालातच आहेत. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइड वर्गातील खत असून त्याचे सांडलेले कण मिठाप्रमाणेच लोखंड खातात. अमोनियम सल्फेट ओलाव्यात किंचित आम्लधर्मी होते. युरिया हवेतील ओल ओढून घेतो व पत्रा ओला ठेवतो. शेण, गोमूत्र व फुटलेल्या टोमॅटोचा रस यांची त्यात भर पडते. क्रेट ओढताना रंगावर ओरखडा उठला की गंजास वाट मोकळी होते.

यावर उपाय म्हणून हौद्यास आतून फवाऱ्याने जाड अस्तर देण्याची पद्धत आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेन या वर्गातील दोन द्रव पदार्थ एकत्र येताच घट्ट होऊ लागतात व पत्र्यावर रबरासारखा चिवट थर बसतो. यंत्राने गरम करून फवारलेले पॉलियुरिया तर काही सेकंदांतच आळते. तळाशी हा थर साधारण ३ मिलिमीटर व बाजूंस त्याच्या निम्मा ठेवतात. तो घासण्यास टिकाऊ असून मालही त्यावर कमी घसरतो.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयास हवी. अस्तराचे आयुष्य अस्तरावर नव्हे, तर त्याखालील पत्र्याच्या तयारीवर अवलंबून असते. नीट न चिकटलेले अस्तर हे मुळीच नसण्याहून वाईट. उघडा गंज निदान डोळ्यांना दिसतो. सुटलेल्या अस्तराखाली पाणी साचते, पत्रा आतल्या आत खंगतो आणि मालकाला त्याची वार्ता लागते ती तळ खचल्यावर. जमिनीची मशागत न करता पेरलेल्या उत्तम बियाण्याची जी गत, तीच तयारी न करता मारलेल्या उत्तम अस्तराची. म्हणून या लेखात फवारणीपेक्षा पूर्वतयारीचाच विचार मुख्यतः केला आहे.

हौदा मोकळा करणे

प्रथम हौद्यातील कड्या, आकडे, रबरी चटई, फाळक्याच्या साखळ्या व सोडविता येण्याजोगे सर्व नट-बोल्ट काढून क्रमाने डब्यात ठेवावेत. बोल्टावरून अस्तर गेल्यास पुढे तो सोडविताना अस्तर फाटते. पूर्वी बसविलेले प्लॅस्टिकचे खोके असल्यास ते उचलून खालचा पत्रा अवश्य तपासावा. अशा खोक्याखाली वाळू व पाणी अडकून पत्रा घासला गेलेला बहुधा आढळतो.

आधी तेल, मग घासणे

येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. तेलकट पत्रा आधी घासला तर तेल निघत नाही. ते ओरखड्यांत आणखी खोल बसते. म्हणून प्रथम धुणे व नंतर घासणे, हा नियम मोडू नये.

आपल्याकडे गंज लागू नये म्हणून हौद्यास जळके ऑइल चोपडण्याची चाल आहे. अवजारे पावसाळ्यात ठेवताना ती उपयोगी असेल, परंतु अस्तर देण्याच्या पत्र्याला ती मारक आहे. डिझेल किंवा रॉकेलने पुसलेला पत्रा स्वच्छ दिसतो खरा, पण त्यावर तेलाचा पातळ पापुद्रा राहतो. सबब तेल काढण्यासाठी धुण्याच्या विद्रावाचे गरम पाणी व ताठ ब्रश वापरावा, आणि दोन-तीन वेळा धुवावे. त्यानंतर तेल काढण्याचे योग्य द्रावण स्वच्छ फडक्याने लावून, ते वाळण्यापूर्वीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. एकच फडके फिरवीत राहिल्यास तेल केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते.

खताचे क्षार साबणाने निघत नाहीत. त्यांस भरपूर वाहते गोडे पाणी लागते. पन्हळींच्या खोलगट भागात, कोपऱ्यांत व सांध्यांत दाबाने पाणी सोडावे. क्षार राहून गेल्यास ते अस्तराखाली ओल ओढून घेतात व तेथे फोड उठतात. ज्या गावी विहीर अगर बोअरचे पाणी खारवट आहे, तेथे निदान शेवटचे धुणे तरी गोड्या पाण्यानेच करावे. हौद्यात पूर्वी कीटकनाशक सांडले असल्यास धुण्याचे पाणी विहीर, नाला किंवा जनावरांची पाण्याची जागा यांपासून दूर ठेवावे.

पाण्याची कसोटी

तेल पुरते गेले की नाही हे पाहण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतावे. पाणी सलग पातळ पडद्यासारखे पसरले तर पत्रा स्वच्छ समजावा. अळूच्या पानावर जमतात तसे थेंब गोळा झाले, तर तेथे तेल किंवा मेण शिल्लक आहे. तो भाग पुन्हा धुवावा.

गंज काढणे व पत्र्याची दुरुस्ती

पत्रा वाळल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंजलेले भाग टोचून पाहावेत. टोक आत गेल्यास तो पत्रा मेला असे समजावे. तेथे लांबी भरून वेळ मारून नेऊ नये. सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी व ठिणग्या इंधनाच्या टाकीकडे अगर वायरींकडे उडणार नाहीत अशी आडोशाची व्यवस्था करावी.

पापुद्र्याचा गंज तारेच्या ब्रशाने, आणि घट्ट बसलेला गंज ३६ ते ४० नंबरच्या चकतीने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा. खड्ड्यांत तळाशी उरलेल्या गंजावर गंजरोधक द्रावण लावता येते. मात्र ते द्रावण व नंतरचा प्रायमर यांचा मेळ बसतो काय, हे डब्यावरील सूचनेत पाहावे आणि सांगितले असल्यास ते धुऊन टाकावे. हे काम करताना डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास धूळ अडविणारा चांगला मुखवटा हवा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून ही धूळ लहान मुले, जनावरे व धान्य यांच्याजवळ उडू देऊ नये.

चांगला रंग खरवडू नका

पुष्कळ मालक उत्साहाच्या भरात सगळा हौदा उघड्या लोखंडापर्यंत खरवडून काढतात. याची गरज नसते. कारखान्यात दिलेला व घट्ट धरून असलेला रंग हे अस्तरास उत्तम अधिष्ठान होय. तेथे फक्त चकाकी मोडावयाची असते. सुमारे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सर्वत्र सारखे घासावे. कोठेही आरशासारखी चमक उरू नये. अस्तर पत्र्यास धरते ते बव्हंशी या बारीक ओरखड्यांतच. यंत्र पोहोचत नाही अशा कोपऱ्यांत हाताने घासावे, कारण अस्तर सुटू लागते ते बहुधा कोपऱ्यांपासून व कडांपासून. पत्रा जस्तलेपित असल्यास हलक्या हाताने घासावे, नाही तर जस्ताचा थरच निघून जाईल.

घासल्यावर धूळ कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेने सांध्यांतून उडवावी व द्रावणाच्या फडक्याने पुन्हा पुसावे. यानंतर पत्र्यास उघड्या हाताने शिवू नये. घामाचा डागही अस्तरास बाधतो. उघडे पडलेले लोखंड दमट हवेत काही तासांतच तांबूस होऊ लागते, म्हणून त्याच दिवशी त्यास इपॉक्सी प्रायमर द्यावा. प्रायमर व अस्तर यांमधील मुदत उलटून गेल्यास प्रायमर पुन्हा हलका घासणे आवश्यक असते. सांध्यांच्या फटी योग्य सांधभरणीने बुजवाव्यात. परंतु पाणी जाण्याची भोके तात्पुरती बूच लावून राखावीत व अस्तर आळण्यापूर्वी बूच काढून मोकळी करावीत.

कॅबिन, काचा, दिवे, चाके व फाळक्याचे कुलूप कागद व चिकटपट्टीने झाकावे. उडालेले तुषार एकदा आळले म्हणजे काचेवरूनही सहज निघत नाहीत.

हवा, दव आणि वेळ

अस्तरातील आयसोसायनेट हा घटक पाण्याशी संयोग पावून कर्बवायू सोडतो. पत्रा ओलसर असेल तर हा वायू अस्तरात बुडबुडे करतो व पकड जाते. म्हणून पत्र्याचे तपमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी अधिक असावे, असा नियम आहे. उदाहरणार्थ, हवा ३० अंश सेल्सिअस व आर्द्रता ८० टक्के असता दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. तेव्हा पत्रा किमान २९ अंश असावयास हवा. रात्रभर गार झालेला २७ अंशांचा पत्रा हातास कोरडा लागला तरी योग्य नव्हे. उलट, उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्यावरही फवारू नये. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, सावलीत, दव उडाल्यानंतर व ऊन चढण्यापूर्वी हे काम उत्तम होते. वळवाच्या सरी सुरू झाल्यावर घाई करण्यात अर्थ नाही.

श्वासाची काळजी

आयसोसायनेट हा शब्द शेतकऱ्यांना अपरिचित नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून सुटलेले द्रव्य मिथाइल आयसोसायनेट होते. अस्तरातील द्रव्य त्याच कुळातील असले तरी निराळे आहे व तितके सहज उडून जात नाही. तथापि फवारताना त्याचे सूक्ष्म तुषार होतात, आणि ते श्वासात गेल्यास दमा जडू शकतो. एकदा असा दोष जडला की पुढे अल्पशा संपर्कानेही झटका येतो. पिकावर औषध मारताना बांधावयाचे फडके किंवा साधा मुखवटा येथे मुळीच पुरत नाही. बाहेरील शुद्ध हवा नळीने पुरविणारा मुखवटा, हातमोजे व अंगभर वस्त्र हवे. ही साधने नसतील तर पूर्वतयारी घरी करावी, पण फवारणी साधने असलेल्या जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी. त्या वेळी इतरांनी जवळ थांबू नये.

हिशेब स्वतः करावा

कारागीर सांगतो तितका थर देतो की नाही, हे गणिताने कळते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर थर म्हणजे १ लिटर द्रव. समजा, हौदा २.५ मीटर लांब, १.७ मीटर रुंद व ०.४ मीटर उंच आहे. तळ ४.२५ चौरस मीटर. त्यास ३ मिलिमीटरप्रमाणे सुमारे १२.७५ लिटर लागतील. चारही बाजू मिळून ३.३६ चौरस मीटर, त्यांस १.५ मिलिमीटरप्रमाणे सुमारे ५ लिटर. एकूण जवळजवळ १८ लिटर झाले. कोणी ८ लिटरांत हे काम करून दाखवीत असेल, तर सरासरी थर जेमतेम १ मिलिमीटर पडेल. द्रवात उडून जाणारे थिनर असल्यास वाळलेला थर याहूनही कमी भरतो.

अस्तर झाल्यावर पत्रकात दिलेली मुदत पुरी होईपर्यंत माल, विशेषतः खते, भरू नयेत. पुढेही महिन्यातून एकदा कडा व कोपरे तपासावेत आणि काप दिसताच तो बुजवून घ्यावा. अस्तर असले तरी औषधे व खाण्याचा माल एकाच खेपेत कधीही नेऊ नये.

ग्रामसेवकांनी गावातील एखाद्या गाडीवर पाण्याच्या कसोटीचे प्रात्यक्षिक शेतकऱ्यांस करून दाखवावे. त्यास खर्च काही नाही, आणि थेंब जमलेले एकदा पाहिले की तयारीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसही हीच रीत लागू पडते. फवारणीचे काम तासाभराचे, तयारीचे दोन दिवसांचे. आणि हे दोन दिवस वाचविणाऱ्यास पुढे पत्रा बदलण्याचा खर्च सोसावा लागतो.