डॉक्टर लेक ‘ब्रँच बदलते’ म्हणाली तर...



एरवी मी आपल्याशी बोलतो ते खतांच्या मात्रा, फवारणी आणि बहाराविषयी. आजचा विषय वेगळा आहे, पण तो आता आपल्याच ओसरीवर येऊन बसला आहे. आपल्या गावांतली मुले-मुली एम.बी.बी.एस. होऊन पुढे एम.डी., एम.एस.ला जाऊ लागली आहेत. गावात सत्कार होतो, चौकात फलक लागतो आणि सहा-सात महिन्यांनी एके रात्री फोन येतो, “मला ही ब्रँच नको. सोडून देते.”

माझ्या थोरल्या भावाच्या घरी असाच फोन आला. पुतणी एका सरकारी मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.एस. करीत होती. दादा पटकन बोलून गेला, “लोक काय म्हणतील? एवढा खर्च केला तो गंमत म्हणून का?” मीही त्याचीच री ओढली. म्हटले, “अगं, थोडा दम धर, सगळ्यांनाच जड जातं.” तिकडून फोन बंद झाला. पुढे 8 दिवस तिने कोणाचाच फोन उचलला नाही. ते 8 दिवस घराने कसे काढले ते घरालाच माहीत. आपल्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी नियम समजून घ्या

एम.डी. किंवा एम.एस. 3 वर्षांचे असते. एकदा प्रवेश पक्का होऊन शिक्षण सुरू झाले की अर्ज देऊन शाखा बदलून मिळत नाही. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बदलीही होत नाही. 2023 च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीनेही अशा बदलीला मनाई केली आहे. म्हणजे शाखा बदलायची तर हातची जागा सोडायची, नीट-पीजी ही प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायची आणि गुणवत्ता यादीत पुन्हा उभे राहायचे. हवी ती शाखा मिळेलच असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

शिवाय जागा सोडल्याचा दंड असतो. त्याची रक्कम राज्याप्रमाणे आणि कॉलेजाप्रमाणे वेगळी असते. प्रवेशाच्या वेळी सही करून दिलेल्या बाँडवर ती लिहिलेली असते. मुलांवरचा ताण पाहून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जानेवारी 2024 मध्ये ही दंडाची पद्धत बंद करण्याविषयी राज्यांना कळवले होते. तरी आपल्या मुलाच्या बाँडवर काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे, ऐकीव गोष्टीवर जाऊ नये.

ताण आहे की मर आहे?

डाळिंबाच्या बागेला आपण बहारासाठी ताण देतो. पाणी तोडले की पाने पिवळी पडतात आणि गळतात. नवखा माणूस घाबरतो, पण जाणता बागाईतदार पाणी सोडून वाट पाहतो. पालवी फुटली तर तो ताण होता. पाणी देऊनही झाड सुकतच गेले तर मर लागलेली असते, आणि मग नुसत्या पाण्याने भागत नाही.

निवासी डॉक्टरच्या पहिल्या वर्षाचे असेच आहे. सलग ड्युटी, अर्धवट झोप, वरिष्ठांची बोलणी, जेवणाचा पत्ता नाही. अशा माणसाला कुठलीही शाखा नकोशी वाटेल. म्हणून थकल्या अंगाने निर्णय घेऊ नये आणि घरच्यांनीही तो घ्यायला लावू नये. आधी रजा घ्यावी. त्याच नियमावलीत वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि कामाच्या सोयीने आठवड्याची एक सुट्टी सांगितलेली आहे. रजा मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

पुतणी 10 दिवसांसाठी घरी आली. पहिले 3-4 दिवस ती नुसती झोपली. वहिनीने एक शब्द विचारला नाही, फक्त वेळेवर ताट वाढले. या सगळ्यात शहाणपणाचे काम कोणी केले असेल तर ते वहिनीने!

विचारायचे 3 प्रश्न

झोप झाल्यावर एक दिवस आम्ही बागेत बसलो. त्या दिवशी मी तिला जे विचारले तेच आपणही विचारावे.

पहिला : नको आहे ते काम, की ती जागा आणि तिथली माणसे? युनिट बदलले, छळणारा वरिष्ठ गेला, तर हेच काम आवडेल का? छळ होत असेल तर ती तक्रार करण्याची बाब आहे. त्यासाठी कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असते.

दुसरा : या शाखेचा शिकून तयार झालेला डॉक्टर दिवसभर काय करतो, ते पाहिले आहे का? शिकाऊ डॉक्टरचे जिणे 3 वर्षांचे, शाखा मात्र जन्माची. आपल्या तालुक्याच्या गावी त्या शाखेच्या डॉक्टरांकडे 2 दिवस बसून यावे. जी शाखा हवीशी वाटते तिच्या डॉक्टरांकडेही बसावे.

तिसरा : दमलेले असतानाही कुठल्या कामाकडे मन आपोआप ओढते?

तिसऱ्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, बाळंतपण झालं की माझं लक्ष आईकडं राहत नाही. बाळ रडलं का, रंग कसा आहे, तिकडंच जातं. त्या वेळी आईकडं बघणं हेच माझं काम असतं. याचीच मला भीती वाटते.” हे ऐकून दादाने मान खाली घातली. आळस किंवा लहर म्हणून आम्ही ज्याला बोललो होतो, ती तर जबाबदारीची जाणीव निघाली.

न सोडताही वाट वळते

प्रत्येकाने जागा सोडलीच पाहिजे असे मात्र नाही. शाखा पूर्ण करून पुढे वळता येते. भूलशास्त्राचा एम.डी. अतिदक्षता विभागाच्या उच्च शिक्षणाला जाऊ शकतो. जनरल सर्जरीनंतर मूत्रविकार, प्लास्टिक सर्जरी अशा वाटा फुटतात. डॉ. अभय बंग यांनी औषधवैद्यकशास्त्रात एम.डी. पूर्ण केले, मग ते सार्वजनिक आरोग्याकडे वळले. 1986 पासून डॉ. राणी बंग यांच्यासह ते गडचिरोलीत काम करीत आहेत. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे त्यांचे काम 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. पहिली पदवी वाया गेली असे तिथे कोण म्हणेल?

पुतणीच्या खोलीतल्या मैत्रिणीनेही सोडायचेच ठरवले होते. तिचे युनिट बदलले, रजा मिळाली आणि ती टिकली. आता ती एम.एस. झाली आहे. तिचा ताण होता, मर नव्हती.

सोडायचेच ठरले तर

बाँडची रक्कम कशी उभी करायची ते आधी ठरवा. मूळ कागदपत्रे कॉलेजकडे असतील तर ती कधी मिळतील ते विचारा. डी.एन.बी.चे शिक्षण मधेच सोडले तर त्याची ठरलेली मुदत संपेपर्यंत दुसऱ्या डी.एन.बी.ला प्रवेश घेता येत नाही, हे ध्यानात ठेवा. परीक्षेची माहितीपुस्तिका पूर्ण वाचल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आणि सोडायचे असेल तर लवकर सोडा. प्रबंध होत आल्यावर, तिसऱ्या वर्षात सोडण्यापेक्षा बहुधा पूर्ण करणेच पदरात पडते.

पुतणीने जागा सोडली. त्या वर्षीच्या बहाराचा बराच पैसा दंडात गेला, घराचा गिलावा राहिला, सोयरिकीची बोलणीही लांबली. परीक्षेला बसून तिला बालरोगशास्त्र मिळाले, तेही आधीच्याहून लांबच्या कॉलेजात. रात्रपाळी तिथेही चुकली नाही. पण आता फोनवर ती दिवसभरातल्या बाळांच्या गोष्टी सांगते आणि दादा त्या पारावर जाऊन सांगतो.

शेवटी एकच सांगणे. लेकराचा असा फोन आला तर खर्चाचा आणि लोकांचा विषय त्या रात्री काढू नका. “जेवलीस का? झोपलीस का? घरी ये, मग बोलू,” एवढेच म्हणा. मूल फारच खचलेले वाटले, जिवाचे बरेवाईट बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका, ताबडतोब जाऊन भेटा. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते. एक बहार गेला तर पुढचा धरता येतो, बंधूंनो. त्यासाठी झाड तेवढे जगले पाहिजे.