थांबायचं ग्राहकानं, पैसेही ग्राहकाचे

बेंगळुरूत बसून बँकेला फोन लावायचा, ‘कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन’ ऐकायचं, मग प्रतिनिधी मोकळा होईपर्यंत संगीत ऐकत बसायचं. क्रमांक १८०० ने सुरू होणारा असेल, तर कॉलचा खर्च कंपनी उचलते. १८६० ने सुरू होणारा असेल, तर तो ग्राहकाच्या माथी येतो आणि अमर्याद कॉलच्या बऱ्याच पॅकमध्ये असे कॉल धरलेलेच नसतात. रक्कम किरकोळ आहे, एवढ्यासाठी कशाला ओरडायचं, असं कोणी म्हणेल. पण किरकोळ रकमेसाठी कोणी भांडत नाही, म्हणूनच ती असंख्य ग्राहकांकडून बिनबोभाट कापता येते.

दाद मागायला दूरसंचार नियामक ‘ट्राय’ आहे की, हा दुसरा आक्षेप. ट्रायचं प्रादेशिक कार्यालय बेंगळुरूतही आहे, पण ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. २०१२ च्या नियमांनुसार तक्रार दूरसंचार कंपनीच्या केंद्राकडे करायची आणि अपीलही तिच्याच यंत्रणेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानं ग्राहक मंचाची वाट अडली होती; २०२२ च्या निकालानं ती मोकळी झाली. तरी चार-सहा रुपयांसाठी तिथवर कोण जाणार? त्यामुळे इलाज आधीच हवा. सशुल्क सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दुहेरी संमती घेणं ट्रायनं २०१३ मध्ये सक्तीचं केलं. तसाच १८६० चा दर कॉल जोडण्याआधी ऐकवावा आणि ताटकळण्याचे पैसे कंपनीनं भरावेत.