मास्तर, कारभारी आणि नववीतली चौकडी

आम्ही पिरंगुटच्या बचत गटातल्या बायका. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की आमच्यातली एक जण मोठ्याने पुस्तक वाचते आणि बाकीच्या हातातली निवडणं-टिपणं करत ऐकतात. यंदा अशा दोन कादंबऱ्या ऐकल्या. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ आणि मिलिंद बोकील यांची २००४ सालची ‘शाळा’. दोन्हींवर सिनेमे निघाले, तुमच्यातल्या काहींनी पाहिले असतील. आज बोलायचंय ते त्यांतल्या मैत्रीबद्दल.

बनगरवाडी ही औंध संस्थानातली धनगरांची वाडी. तिथे एक कोवळा मास्तर येतो. शाळा ओस, कारण पोरं मेंढरांमागे. गावचा म्हातारा कारभारी मास्तरच्या पाठीशी उभा राहतो, तेव्हा कुठे पोरं येऊ लागतात. आयबू नावाचा एक जण सोबतीला असतो. या पुस्तकात ‘तू माझा मित्र’ असं कुणी कुणाला म्हणत बसत नाही. मास्तर लोकांच्या अडीनडीला धावतो, लोक त्याला आपला मानतात, सगळे मिळून तालीम बांधतात. आपल्याकडे भातलावणीला सावड असते ना, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, तशी ही मैत्री.

पण ती तुटायला काय लागतं? कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरकडून चोळी शिवून आणवते. एवढ्यावरून म्हाताऱ्याचं मन फिरतं. हे वाचताना आमच्यातली एक म्हणाली, ‘बाईचं नाव आलं की बापे लोकांची दोस्ती नासते.’ आम्ही हसलो खऱ्या, पण खोटं कुठे होतं ते?

‘शाळा’तली मुलं नववीतली, काळ आणीबाणीचा. जोशी, सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या यांचा अड्डा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. तिथे काम काही नाही. बसायचं, टवाळी करायची आणि मनातलं बोलायचं. जोशीला वर्गातली शिरोडकर आवडते. इथे मैत्रीची परीक्षा वेगळीच आहे. गुपित कुणाला सांगावं आणि कोण ते पोटात ठेवील?

आमच्यात यावरून बरीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं, रिकामटेकड्या पोरांची ही दोस्ती, दुष्काळात टिकली नसती. पण बनगरवाडीतली तरी कुठे टिकली? दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते, मास्तर एकटा निघतो. शाळेतली चौकडीही शेवटी पांगते. आम्हाला वाटतं, न टिकणं हा मैत्रीचा कमीपणा नाही. आपण उगाच तिला लग्नासारखं मोजतो.

खरी खंत दुसरीच. दोन्ही पुस्तकांत अड्डा पुरुषांचा. शिरोडकरलाही मैत्रिणी असणारच, पण त्या आपसांत काय बोलतात ते आपल्याला कळत नाही, कारण गोष्ट सांगणारा मुलगा आहे. आणि बनगरवाडीत शेकूची बायको दिसते ती नांगराला, बैलाच्या जोडीला स्वतःला जुंपून घेताना. कुणी त्याला नवऱ्याला दिलेली साथ म्हणेल. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. त्या संध्याकाळी तिने आपली दुखरी पाठ कुणाला दाखवली असेल?

आमच्यातल्या बऱ्याच जणी सासरच्या म्हणून इथे आल्या, काही कंपनीच्या कामासाठी खोली घेऊन राहिल्या. नववीतल्या मैत्रिणीचं आता आडनावही ठाऊक नाही. ‘शाळा’ संपली त्या आठवड्यात आमच्यातल्या एकीने माहेरी चार ठिकाणी विचारून तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचा नंबर मिळवला. बावीस वर्षांनी फोन. दोघींना काय बोलावं सुचेना. मग पलीकडून आवाज आला, ‘तुमच्याकडे लावणी झाली का गं?’