टेलिकन्व्हर्टर : जवळ आणण्याची किंमत
भिगवणला उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी चरताहेत. होडी आणखी पुढे नेली तर थवा उडणार. अशा वेळी ३०० मिमी, एफ/४ची लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये टेलिकन्व्हर्टर बसवायचा. १.४ पटीचा लावला की ४२० मिमी, एफ/५.६, प्रकाश निम्मा. दुपटीचा लावला की ६०० मिमी, एफ/८, प्रकाश चौथाई. मग शटरचा वेळ किंवा आयएसओ चौपट करावा लागतो. आता बघा, कन्व्हर्टर लेन्सनं टिपलेल्या प्रतिमेचाच मधला भाग मोठा करतो, त्यामुळे तिचे दोषही मोठे होतात. लेन्स मुळात चांगली हवी. मी १.४वरच थांबतो. पक्षी फोटोत लहान दिसला तरी चालेल. आपल्यामुळे त्याचं चरणं मोडायला नको.